सांगितलेला रंग

"डॉक्टर, मला एकच ओळ हवी आहे," प्रधान म्हणाले. "नजर कमी आहे. एवढंच."

ते माझ्या दवाखान्यात पेशंटच्या स्टुलावर बसले होते. बाहेर बाकावर काशिनाथ भोईर होता. बोलणं त्याच्याच नजरेबद्दल चाललं होतं. मधे फक्त एक कापडी पडदा, त्यामुळे त्याला सगळं ऐकू जात असणार. प्रधानांना त्याचं काही वाटत नव्हतं.

"आधी तपासतो," मी म्हटलं.

"तपासा ना. तपासूनच लिहा. पण लवकर लिहा. सरकारी चौकशीचे साहेब यायच्या आत मला रिपोर्ट पाहिजे."

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी मूळचा रत्नागिरीकडचा. मुंबईत शिकलो आणि भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी, डोळ्यांचा दवाखाना टाकला. तेव्हा भाईंदर म्हणजे स्टेशन, बाजार आणि तो संपला की मिठागरं. माझे निम्मे पेशंट मिठागरातले. मिठावरून परतणारं ऊन दिवसभर डोळ्यांत जातं, मग डोळे लाल होतात, पांढऱ्या भागावर मांसाचा पापुद्रा वाढतो. बाकीचे निम्मे खाडीवरचे. खाडीतून रेती काढून होड्यांनी धक्क्यावर आणणारी एक खाजगी कंपनी होती. मी तिच्या पॅनेलवर होतो. पॅनेलवर असणं म्हणजे कंपनी पाठवील ती माणसं तपासायची आणि लिहून द्यायचं की हा कामाला योग्य आहे की नाही.

कंपनीचे शेठ मुंबईत असत. भाईंदरला प्रधान म्हणजेच कंपनी. ते मॅनेजर होते. माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या आईचा मोतीबिंदू मी काढला होता. ती बाई पट्टी सोडल्यावर पहिल्यांदा मुलाचा चेहरा बघून रडली, तेव्हा प्रधानही रडले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना राक्षस समजाल. राक्षस असते तर मला सोपं गेलं असतं.

झालं होतं ते असं. कंपनीची एक होडी घोडबंदरच्या बाजूला रेती भरून ओहोटीबरोबर भाईंदरकडे यायला निघाली. तिच्यावर दोघं भाऊ होते, चेणे गावचे. थोरला हिराजी, धाकटा नामदेव. वाटेत होडीत पाणी भरायला लागलं. दोघांनी फावड्यांनी रेती बाहेर टाकली. तेवढ्यात सुकाणू तुटलं आणि होडी ओढीबरोबर वाहत पलीकडच्या काठाला, तिवरांच्या जंगलात जाऊन घुसली. ओहोटी पुढे सरकली आणि होडी चिखलात तिरकी बसली. तो चिखल असा की उतरलं तर माणूस छातीपर्यंत जातो. म्हणून ते होडीतच बसून राहिले. कोणीतरी शोधत येईल, हा त्यांचा हिशोब बरोबर होता.

दुपारी होडी आली नाही म्हणून प्रधानांनी कंपनीची डिझेल लाँच पाठवली. लाँचच्या पुढच्या टोकावर उभं राहून बघणाऱ्याला लुकआउट म्हणत. एरवी त्याचं काम म्हणजे पाण्यातली जाळी, रेतीचे उंचवटे, समोरून येणारी होडी बघून लाँच चालवणाऱ्या सारंगाला सांगायचं. त्या दिवशी लुकआउट होता काशिनाथ. तोही चेण्याचाच. हिराजीच्या घरापासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर.

लाँच खाडीच्या मध्यातून तिवरांच्या समोरून गेली. हिराजी उभा राहून अंगातला सदरा काढून हलवत होता. इंजिनाच्या आवाजात त्याची हाक कोणाला ऐकू जाणार? लाँच थांबली नाही. वसईच्या तोंडापर्यंत गेली आणि अंधार पडायच्या आत मोकळी परत आली.

संध्याकाळनंतर भरती आली. फुटकी होडी तरंगली नाही, आतून भरत गेली. हिराजीने तिवराच्या एका झाडाला मिठी मारली. नामदेवचा पाय रेती उपसताना कापला गेला होता. त्याला झाडापर्यंत पोचता आलं नाही. सकाळी पलीकडच्या मच्छीमारांनी हिराजीला आणला. नामदेव नंतर मिळाला.

हिराजी माझ्याकडे आला तेव्हा त्याचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. खाऱ्या पाण्यातली बारीक रेती पापणीखाली गेली होती आणि बुबुळांवर ओरखडे उठले होते. बुबुळ म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग. त्याच्यावर धुळीचा कण गेला तरी माणूस कळवळतो. मी डोळे धुतले, मलम घातलं, पट्ट्या बांधल्या. होडी फुटली कशी, असं मी सहज विचारलं. तो म्हणाला की होडी दुरुस्तीला ओढली होती. जुना निळा रंग खरवडून काढला होता, फळ्यांमधल्या फटी भरायचं काम अर्धं झालं होतं, अस्तराचा एक हात मारला होता, आणि रेतीची घाई आहे म्हणून तशीच पाण्यात सोडली. मी ऐकून घेतलं. मला त्यात डोळ्याच्या डॉक्टरचं काही वाटलं नाही.

पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, "डॉक्टर, काशिनाथनं माझ्याकडं बघितलं. समोरासमोर. आनि तोंड फिरवलं."

हे त्याने गावातही सगळ्यांना सांगितलं. कंपनीपर्यंत गेलं. आणि त्यानंतर प्रधान काशिनाथला घेऊन माझ्याकडे आले.

प्रधानांना मी धक्क्यावर परत पाठवलं आणि काशिनाथला आत घेतलं. तिशीतला माणूस. पाण्यावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांभोवती असतात तशा बारीक सुरकुत्या. खुर्चीवर बसताना त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

माझी खोली लहान होती. नजर तपासायला सहा मीटर अंतर लागतं. म्हणून मी अक्षरांचा तक्ता पेशंटच्या मागे टांगला होता आणि समोर आरसा लावला होता. आरशातून बघितलं की तीन मीटरचं अंतर सहा मीटरचं होतं. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून वाचता यावी अशी एक ओळ असते. ती तुम्ही सहा मीटरवरूनच वाचलीत, तर तुमची नजर सिक्स बाय सिक्स. काशिनाथने ती वाचली आणि तिच्या खालची, आणखी बारीक ओळही वाचली. डाव्या डोळ्यानेही, उजव्यानेही.

मग रंग. रंगांधळेपणा म्हणजे काही दिसत नाही असं नव्हे. काही माणसांना जन्मतः लाल, हिरवा, तपकिरी हे रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. त्यांना स्वतःला ते माहीतही नसतं. माझ्याकडे लोकरीच्या लहान लडींची एक पेटी होती. एक हिरवी लड हातात द्यायची आणि सांगायचं, हिच्या रंगाच्या सगळ्या काढ. रंगांधळा माणूस त्यात हमखास तपकिरी आणि राखाडी लडी घालतो. काशिनाथने एकही चुकवली नाही. फिक्या-गडद अशा ओळीने लावूनही दिल्या. रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचं पुस्तक असतं. तेही त्याने पटापट वाचलं. शेवटी बाजूची नजर बघितली. पेशंटने समोर बघत राहायचं आणि आपण कानामागून बोट पुढे आणायचं, दिसलं की त्याने सांगायचं. त्याला वेळेवर दिसलं.

त्या डोळ्यांत दोष नव्हता. माझ्या स्वतःच्या डोळ्यांपेक्षा ते चांगले होते.

"मग तुला होडी का दिसली नाही?" मी विचारलं.

तो म्हणाला की सबंध वेळ तो बघत होता, पाणी प्यायलाही खाली बसला नव्हता. काय काय दिसलं ते मी विचारलं, तर त्याने एकेक सांगितलं. मासेमारीच्या खुंटांत अडकलेलं एक निळं पिंप दिसलं. लाँच हळू करायला लावून त्याने ते नीट बघितलं. एका झोपडीवर वाळत घातलेलं निळं लुगडं दिसलं, तिथेही लाँच वळवली. दुसऱ्या कोणाची तरी निळ्या पट्ट्याची होडी दिसली, तिच्या अगदी जवळ जाऊन आले. एवढ्या लांबलचक खाडीत जितकं निळं होतं तितकं सगळं त्या माणसाने टिपलं होतं.

"सगळं निळंच कसं?" मी म्हटलं.

"प्रधानसाहेबांनी सांगितलं ना. निली होडी हाय, निलं दिसंल तितं थांबा."

"आणि तपकिरी काही?"

"खाडी सगलीच मातकट हाय, डॉक्टर. चिखल तसा, पानी तसं. त्यात काय बघायचं?"

तेव्हा मला हिराजीचं बोलणं आठवलं. निळा रंग खरवडलेला. अस्तराचा एक हात मारलेला. मी काशिनाथला विचारलं, तुमच्या धक्क्यावर होडीला अस्तर कसलं देतात? तो म्हणाला, रेड ऑक्साइड. गेरूसारखा तांबूस तपकिरी रंग.

ती होडी निळी नव्हतीच. मी तसं म्हटल्यावर काशिनाथने टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. ती होडी दुरुस्तीला गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. तो त्या दिवसांत दुसऱ्या पाळीत होता.

"म्हंजे ती माझ्या समोर व्हती," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः ओहोटीच्या वेळी धक्क्यावर जाऊन आलो. एक होडी तशीच अस्तर मारून चिखलात कलती ठेवली होती. धक्क्यावरून ती मला दिसली, कारण दुरुस्तीच्या होड्या कुठे ठेवतात हे मला माहीत होतं. मग मी रेल्वेच्या पुलाच्या बाजूला चालत गेलो आणि वळून बघितलं. चिखल, तिवरं, चिखल. बराच वेळ शोधल्यावर एका ठिकाणी कड सरळ दिसली, तेव्हा कळलं की ती होडी. तिच्यापलीकडे, कितीतरी लांब, दुसरी निळी होडी मात्र बघताक्षणी डोळ्यांत भरत होती.

इथे डोळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याला वाटतं की डोळे उघडले की समोरचं सगळं एकसारखं स्पष्ट दिसतं. तसं नसतं. हात लांब करून अंगठा धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा काय तो खरा स्पष्ट दिसतो. बाकी सगळं धूसर असतं. म्हणून डोळा सतत उड्या मारत असतो, इथून तिथे, तिथून इथे. उडी कुठे मारायची हे तो त्या धूसर भागावरूनच ठरवतो. धूसर भागात आकार ओळखू येत नाही, पण रंगाचा ढोबळ अंदाज येतो. त्यामुळे एखादी वस्तू शोधताना तिचा रंग माहीत असला, की डोळा थेट त्या रंगाच्या ठिपक्यांवर उड्या मारतो आणि बाकीचं गाळून टाकतो. तांदळातला हिरवा मूग आपल्याला क्षणात सापडतो तो यामुळेच. पण रंग चुकीचा सांगितला असला, तर हेच गाळणं उलटतं. मग जितका माणूस मन लावून शोधेल तितकी ती वस्तू त्याच्या डोळ्यांतून निसटेल. निष्काळजी माणसाला कदाचित ती होडी दिसली असती. काशिनाथ काळजीपूर्वक शोधत होता.

प्रधान रिपोर्टसाठी आले तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "डॉक्टर, डोळे उघडे असलेल्या माणसाला अख्खी होडी दिसत नाही, हे कोण मानेल?"

लहान मुलं तक्ता वाचत नाहीत. त्यांच्यासाठी माझ्याकडे बटणांचा एक डबा होता. सगळ्या रंगांची, लहानमोठी बटणं. मी तो डबा एका मोठ्या ताटात ओतला. प्रधानांकडे लिहायला पेन मागितलं. त्यांचं पेन तपकिरी होतं, जाडसर, चांगल्यापैकी. टोपण काढून, त्यांचं लक्ष नसताना, मी ते बटणांत ठेवलं. लपवलं नाही, वर ठेवलं. मग ताट त्यांच्यापुढे सरकवलं.

"यातली निळी बटणं काढा. एकही राहता कामा नये. मी तोवर लिहितो."

ते हसले, पण बसले. माणूस कामसू होता, काढायला लागल्यावर मन लावून काढू लागला. फिकी निळी, गडद निळी, सगळी काढली. एकही सुटलं नाही. मी पेन परत दिलं.

"टोपण?" ते म्हणाले.

"बघा ना, इथेच असेल."

त्यांनी टेबलावर बघितलं. वाकून खाली बघितलं. खिसा चाचपला. मी ताटाकडे बोट केलं तेव्हा त्यांना ते दिसलं. निळी बटणं काढताना त्यांच्याच बोटांनी ते बाजूला सारलं होतं, मी बघत होतो.

"टोपण तुमचं आहे," मी म्हटलं. "रोजच्या वापरातलं. पण तुम्हांला निळं शोधायला सांगितलं होतं."

त्यांनी टोपण हातात घेतलं. पेनाला लावलं नाही. मला वाटलं, जमलं. माणसाला एखादी गोष्ट पटली की तो तिच्याप्रमाणे वागतो, असं तेव्हा मला वाटायचं.

"त्या दिवशी मला आठवलंच नाही," ते म्हणाले. "होडी म्हटलं की निळी. आमच्या सगळ्या निळ्याच. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी हिराजीला आणला तेव्हा आठवलं."

"मग हेच सांगा चौकशीत. चूक कोणाचीही होते."

"डॉक्टर, तुम्ही म्हणता ते मला पटलं. म्हणूनच हे लिहू नका."

ते पुढे सांगत गेले, शांतपणे, मला समजावत. होडीचा रंग कोणता हे चौकशीत निघालं, की रंग का बदलला हे निघणार. मग दुरुस्ती अर्धी होती हे निघणार. मग ती पाण्यात कोणी सोडली हे. शेठनी फोनवर सोडायला सांगितलं होतं, पण तसं शेठ कबूल करणार नाहीत. कंपनी बंद पडली तर चेणे, घोडबंदर, भाईंदर, इतक्या घरांचं काय? उलट काशिनाथची नजर कमी निघाली, तर प्रश्न तिथेच संपतो. नजर कमी असणं हा काही गुन्हा नाही. त्याला धक्क्यावर दुसरं काम देऊ.

"त्याची नजर कमी नाही," मी म्हटलं.

"वर्षभरानं कमी होईलच. सगळ्यांची होते."

मी रिपोर्ट लिहिला. दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स, रंगज्ञान उत्तम, बाजूची नजर पूर्ण. खाली एक परिच्छेद घातला, की शोधणाऱ्याला वस्तूचा चुकीचा रंग सांगितला तर निरोगी डोळ्यांनाही ती समोर असून दिसत नाही. प्रधानांनी तो उभ्यानेच वाचला, घडी घातली आणि नमस्कार करून गेले. तो त्यांचा माझ्या दवाखान्यातला शेवटचा नमस्कार. पॅनेलवरून माझं नाव गेलं. त्यांच्या आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही त्यांनी मुंबईत करून घेतलं.

चौकशी धक्क्याजवळच्या कंपनीच्या ऑफिसात झाली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी रिपोर्टची माझ्याकडची प्रत घेऊन आपणहून गेलो. चौकशीला आलेले साहेब वयस्कर, सभ्य होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. त्यांच्यापुढे आधीच एक सर्टिफिकेट होतं, मुंबईच्या एका डॉक्टरांचं. काशिनाथची दूरची नजर कामाला अपुरी आहे, असं त्यात होतं. त्याला तिकडे कधी नेलं, काय तपासलं, मला माहीत नाही.

साहेबांनी माझा खालचा परिच्छेद दोनदा वाचला.

"तुम्ही लाँचवर होता?"

"नाही."

"मग होडी निळी नव्हती हे तुम्हांला कसं कळलं?"

"हिराजीनं सांगितलं. होडीवर तोच होता."

होडी दाखवायला शिल्लक नव्हती. भरतीने तिच्या फळ्या सुट्या केल्या होत्या, आणि जे उरलं ते कंपनीने तिथल्या तिथे तोडून टाकलं होतं. साहेबांनी हिराजीला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. डोळे बरे झाले होते. अजून थोडे लाल होते. साहेबांनी त्याला विचारलं की होडीचा रंग कोणता होता.

हिराजी माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत म्हणाला, "निलीच व्हती, साहेब."

प्रधान त्यांच्या खुर्चीत होते. त्यांनीही मान वर केली नाही. काशिनाथ बाहेर उभा होता, त्याला आत घेतलंच नाही. साहेबांनी माझी प्रत मला परत दिली आणि माझा वेळ घेतल्याबद्दल आभार मानले.

मी बाहेर येऊन हिराजीची वाट बघितली. तो आला. मला वाटलं होतं तो टाळेल. टाळलं नाही. आम्ही धक्क्याच्या कडेला रेतीच्या ढिगापाशी उभे राहिलो. मी रागात होतो. त्याला म्हटलं, तुला कंपनीने काही कबूल केलं का? तो नाही म्हणाला. दम दिला का? तोही नाही.

"मग असं का बोललास?"

"होडी कच्ची हाय ते मना ठाव व्हतं," तो म्हणाला. "नामदेव येत नव्हता. फटी दिसतात म्हनला. मीच त्याला चढवला."

तो सावकाश बोलत राहिला. होडी खरवडलेली होती असं त्याने साहेबांपुढे म्हटलं असतं, तर दुसरा प्रश्न आला असता, की मग तू तीत का बसलास, भावाला का बसवलंस. हा प्रश्न घरी आई विचारील, नामदेवची बायको विचारील. त्याचं उत्तर तो कुठून आणणार?

"काशिनाथला दिसलं असतं तर नामदेव वाचला असता," तो म्हणाला. "ते तरी खोटं न्हाय ना, डॉक्टर?"

ते खोटं नव्हतं. मी त्याला पुन्हा डोळ्याचं शास्त्र सांगायला लागलो. निळा रंग, तपकिरी रंग, धूसर भाग. त्याने ऐकून घेतलं, आणि मधेच हात जोडून निघून गेला. त्याला काशिनाथची नजर दोषीच हवी होती. तिच्यावरच त्याचं पुढचं आयुष्य उभं राहणार होतं.

काशिनाथला लाँचवरून काढलं. धक्क्यावरचं कामही पुढे दिलं नाही, कारण नजर कमी असलेल्या माणसाला रेतीच्या गाड्यांमध्ये उभं करणं धोक्याचं, असं आता कागदावर आलं होतं. कंपनी बंद पडली नाही. उलट प्रधानांनी एक नवा नियम केला. शेवटचा निळा हात मारल्याशिवाय कोणतीही होडी पाण्यात सोडायची नाही. धक्क्यावरच्या एका माणसाने मला हे सांगितलं. फटी भरल्या आहेत की नाहीत याबद्दल नियम नव्हता.

त्यानंतर पावसाळा होऊन गेला आणि एका दुपारी काशिनाथ दवाखान्यात आला. तो आता एका मिठागरात लागला होता. अंगावर मिठाची पांढरी पूड होती. डोळ्यांची काही तक्रार आहे का, असं विचारलं, तर नाही म्हणाला. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "चष्मा पायजे."

मला वाटलं, त्या सर्टिफिकेटवर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला. मी त्याला आरशापुढे बसवलं, पुन्हा ओळी वाचायला लावल्या. तो पूर्वीसारखाच शेवटपर्यंत वाचत गेला.

"तुला चष्म्याची गरज नाही. तुझे डोळे उत्तम आहेत. तेव्हाही होते."

"ते मना ठाव हाय."

"मग?"

त्याने टोपी मांडीवर ठेवली होती, तिची कड तो बोटांनी दुमडत होता. तो म्हणाला की गावात लोक दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, त्याला दिसलं नाही. काही म्हणतात, त्याने बघितलं आणि पुढे गेला, शेताच्या बांधावरून हिराजीशी असलेल्या जुन्या भांडणाचा राग काढला. हिराजीची आई समोरून आली की वाट सोडून जाते. त्याच्या बायकोला विहिरीवर बाकीच्या बायका घागर लावू देत नाहीत. त्याची पोरगी शाळेतून रडत आली.

"सगल्यांच्या समोर चष्मा लावून फिरलो, तर म्हनतील, बिचाऱ्याला दिसत नव्हतं," काशिनाथ म्हणाला. "आंधला चालंल, डॉक्टर. दुसरं न्हाय चालत."

मी त्याला सांगितलं की मी गावात येतो, सगळ्यांना बसवून समजावतो. बटणं आणतो, ताट आणतो. तो हसला. त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. तो म्हणाला की तुमचं साहेबांनी ऐकलं नाही, गाव काय ऐकणार.

मी फ्रेमची पेटी उघडली. त्याने त्यातली सगळ्यात जाड, काळी फ्रेम निवडली. लांबून दिसेल अशी. मी तीत साध्या काचा बसवून दिल्या. झिरो नंबर. त्या चष्म्यातून बघितलं काय आणि तसंच बघितलं काय, फरक नाही. त्याने तो लावला, आरशात बघितलं आणि जाताना दवाखान्याच्या पायरीवर उगाचच अडखळल्यासारखं केलं. सवय करत होता.

ज्या खोट्या ओळीवर सही करायला मी नकार दिला होता, तीच ओळ अशी माझ्याच दवाखान्यातून, माझ्याच हातच्या काचांनी बाहेर गेली. तिने त्याचं घर थोडं सावरलं, असं पुढे ऐकलं. हिराजीची आई त्याच्याशी बोलायला लागली. माझ्या खऱ्या रिपोर्टाने कोणाचंच काही सावरलं नव्हतं.

मी आणखी पुष्कळ वर्षं प्रॅक्टिस केली. "समोर होतं तरी दिसलं नाही," अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की तक्ता दाखवायच्या आधी मी एक प्रश्न विचारायचो. शोधायला काय सांगितलं होतं, आणि कोणी? बहुतेक वेळा डोळ्यांत काही सापडत नसे. सांगणारा मात्र कधी तपासून घ्यायला आला नाही.